अम्मींनी काय बघितलं?



या महिन्यात इथल्या मकतबाबद्दल आणि हिवाळ्यात बदलणाऱ्या नमाजच्या वेळांबद्दल लिहायचं आम्ही कबूल केलं होतं. ते पुढच्या अंकावर टाकतो. कारण १० ऑक्टोबरच्या रात्री आमच्या दारात असं काही घडलं, की त्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. शिवाय गावाकडून इतक्या जणांनी त्याबद्दल विचारलं आहे, की एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा इथेच लिहिलेलं बरं.

उत्तर ध्रुवाकडे रात्री आकाशात हिरवे-लाल पडदे हलताना दिसतात, हे शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. इंग्रजीत त्यांना नॉर्दर्न लाइट्स किंवा अरोरा म्हणतात. ते बघायला लोक नॉर्वे, आइसलँडला जातात. आम्ही राहतो लँकेशायरमध्ये. इथे थंडी आहे, पाऊस आहे, पण ध्रुव काही जवळ नाही. त्यामुळे हा तमाशा आपल्या नशिबात नाही असंच आम्ही धरून चाललो होतो.

तसा तो याच वर्षी एकदा येऊन गेला होता. १० मे २०२४, शुक्रवारची रात्र. मे महिन्यात इथे इशाची वेळ फार उशिरा होते. आम्ही पडदे ओढून घरातच इशा पढलो आणि झोपलो. सकाळी फोन उघडला तर ज्याच्या त्याच्या अंगणातून गुलाबी, जांभळ्या, हिरव्या आकाशाचे फोटो. आमच्याच गल्लीतल्या शेजाऱ्यांनी धुराड्यांच्या वरचं आकाश टिपलं होतं. गेल्या वीस वर्षांतलं सौरवादळ म्हणावं असं ते सर्वात मोठं वादळ होतं आणि आम्ही गादीत होतो. मुलगा दोन दिवस नीट बोलला नाही. "तुम्ही मला उठवलं का नाही?" आता आम्हालाच कुणी उठवलं नव्हतं, हे त्याला कोण सांगणार!

त्याने मग एक काम केलं. लँकेस्टर विद्यापीठ 'अरोरावॉच यूके' नावाची सूचना देणारी सोय चालवतं. जमिनीवर बसवलेली यंत्रं पृथ्वीच्या चुंबकत्वातली हालचाल मोजतात आणि त्यावरून हिरवा, पिवळा, केशरी, लाल असा इशारा फोनवर येतो. हिरवा म्हणजे खुशाल झोपा. लाल म्हणजे बाहेर पडा. पाच महिने त्याचा फोन बहुतेक हिरवाच राहिला. मधूनमधून पिवळा व्हायचा आणि ढग यायचे.

ऑक्टोबरात अम्मी आमच्याकडे आल्या होत्या. वय पंच्याहत्तरच्या पुढे. दापोली तालुक्यातलं खाडीकाठचं घर सोडून इतक्या लांब पहिल्यांदाच. गेल्या वर्षी उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डाव्याचं बाकी आहे. त्या तक्रार करत नाहीत, पण आमच्या लक्षात आलं होतं की जिना उतरताना त्या पायरी पायाने चाचपतात, आणि कुरआन वाचायला मोठ्या अक्षराची प्रत घेऊनही पान खिडकीकडे धरतात. "दिसतं मला," एवढंच म्हणतात.

त्या गुरुवारी मुलगा मशिदीतून इशा पढून धावतच आला. फोनवर लाल इशारा. मशिदीच्या बाहेर अर्धी जमात गाड्या सोडून वर बघत उभी होती, म्हणाला. आम्ही सगळे मागच्या अंगणात गेलो. अम्मींच्या साडीवर मुलाचं जाड जॅकेट, डोक्याला शाल.

मुलाने फोन वर धरला, तीन सेकंद थांबला आणि ओरडला, "लाल! बघा, पूर्ण लाल!" आम्ही पडद्यावर बघितलं. खरोखरच छपरांच्या वर डाळिंबी रंग पसरला होता, खाली हिरवी किनार. मग आम्हीही वर बघून म्हणायला लागलो, "हो, लाल आहे. सुबहानल्लाह. अम्मी, बघा ना, तिकडे, लाल!"

अम्मी बघत राहिल्या. आधी उत्तरेला, मग डोक्यावर. मग खाली बघून हळूच म्हणाल्या, "तुम्ही बघा. मी आत जाते. थंडी आहे."

थंडी नव्हती, निदान तेवढी तरी नव्हती. आम्हाला कळलं काय झालं ते. सगळ्या घराला दिसतंय आणि आपल्याला दिसत नाही, म्हणजे आता डोळे गेलेच, असं त्यांनी मनात धरलं होतं. आम्ही काही बोलणार तेवढ्यात नऊ वर्षांची धाकटी म्हणाली, "दादी, मला पण लाल दिसत नाही. मला ढगासारखं पांढरं दिसतंय. लाल भाईच्या फोनात आहे."

आम्ही गप्प झालो. मग फोन बाजूला ठेवून पुन्हा वर बघितलं. पोरीचं म्हणणं खरं होतं. अंगणात रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड होता, पश्चिमेला अर्धा चाँद होता, आणि आमच्या उघड्या डोळ्यांना दिसत होता तो एक फिकट, राखाडी, हलणारा पट्टा. फार तर कुठे किंचित गुलाबी झाक. मग 'लाल, लाल' आम्ही कशाच्या जोरावर म्हणत होतो? पडद्यावर बघितलं आणि तोंडाने आकाशाची गवाही दिली!

अम्मी दाराशी थांबल्या. त्यांनी नातीला विचारलं, "नक्की? मला बरं वाटावं म्हणून नाही ना म्हणत?" "नाही दादी, कसम." "कसम कशाला खातेस? खरं आहे तर खरं आहे." असं म्हणून त्या परत अंगणात आल्या.

हे असं का होतं, ते आम्ही नंतर नीट समजून घेतलं. डोळ्यात दोन तऱ्हेच्या पेशी असतात. रंग ओळखणाऱ्या पेशींना भरपूर उजेड लागतो. अंधुक उजेडात काम करणाऱ्या पेशी वेगळ्या, त्यांना रंग कळत नाही. म्हणून चाँदण्यात बागेतलं लाल फूल काळपट दिसतं. फोनचा कॅमेरा मात्र तीन, पाच, दहा सेकंद उजेड साठवत बसतो आणि मग सगळा एकदम दाखवतो. तो खोटं बोलत नाही. रंग तिथे असतातच. पण आपला डोळा उजेड असा साठवून ठेवू शकत नाही. त्यात वय झालं की डोळ्यातलं भिंग पिवळट, गढूळ होतं, बाहुली पूर्वीएवढी मोठी होत नाही. अम्मींना आमच्यापेक्षा कमी दिसत होतं हे खरं. पण आम्हाला दिसत होतं तेही आम्ही सांगत होतो त्यापेक्षा खूप कमी होतं.

आम्ही सगळ्यांना गाडीत घातलं आणि पेंडल हिलच्या पायथ्याकडच्या रस्त्याला गेलो. तिथे दिवे नाहीत आणि उत्तरेकडचं आकाश मोकळं आहे. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ फोन बघायचा नाही, असा हुकूम अम्मींनीच काढला. तोपर्यंत चाँदही खाली गेला होता. गाडीला टेकून आम्ही उभे राहिलो. मेंढ्यांचा आवाज, बाकी शांतता.

मग तो पट्टा वर चढत चढत डोक्यावर आला. त्यातून उभ्या रेघा निघाल्या, जाळं फेकल्यावर हवेत उघडतं तशा. आणि आता रंग होता. फोनातला डाळिंबी नव्हे, फार हलका. पण होता.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग अम्मी म्हणाल्या, "कोकमाचं भांडं विसळलं की पाण्याला येतो ना, तसा रंग आहे." आम्ही सगळ्यांनी बघितलं. अगदी तसाच होता.

हा रंग येतो कुठून, तेही थोडक्यात सांगतो. सूर्यावर मोठा स्फोट झाला की विद्युतभारित कणांचा प्रचंड लोट अवकाशात फेकला जातो. ९ ऑक्टोबरला असाच एक स्फोट झाला आणि पंधरा कोटी किलोमीटर अंतर कापून तो लोट साधारण दीड दिवसात पृथ्वीपाशी पोचला. पृथ्वीभोवती चुंबकत्वाचं कवच आहे. ते या लोटाला अडवतं, पण त्याच्या धक्क्याने कवच हलतं आणि त्यातले कण ध्रुवांच्या बाजूने खाली हवेत घुसतात. तिथे ते ऑक्सिजन आणि नायट्रोजनवर आदळले की उजेड पडतो. शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन हिरवा, दोनशेच्या वरचा लाल, आणि नायट्रोजनचा निळा-जांभळा. वादळ जितकं मोठं तितके हे पडदे दक्षिणेकडे सरकतात. फार लांबून बघणाऱ्याला क्षितिजावर फक्त त्यांचा सर्वात वरचा भाग दिसतो, म्हणजे लाल. म्हणूनच त्याच रात्री लडाखमधल्या हानले इथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी जे टिपलं ते लाल होतं. मे महिन्यातही हानलेला असंच दिसलं होतं.

गावाकडच्यांचा पहिला प्रश्न असतो की आपल्याकडे दिसेल का? हानलेची गोष्ट वेगळी. ते साडेचार हजार मीटर उंचीवर आहे, आणि तिथला अंधार राखीव ठेवलेला आहे. पण आपल्या कोकणाचा या विषयाशी संबंध नाही असं समजू नका. २ सप्टेंबर १८५९ रोजी जे सौरवादळ झालं, त्याची जगातली एक अतिशय मोलाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली. तिथला चुंबकाचा आकडा काही तासांत इतका खाली गेला की आजही शास्त्रज्ञ ती जुनी पानं काढून अभ्यासतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी मोजमाप बिघडणार, म्हणून हे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं. अलिबागची चुंबकीय वेधशाळा अजून चालू आहे. समुद्रावर फिरायला जाणाऱ्या किती जणांना ती माहीत असते? आणि ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री, रविवारी, खुद्द मुंबईत हा प्रकाश दिसल्याची बातमी तेव्हाच्या वर्तमानपत्रात आली होती. तेव्हा मुंबईत विजेचे दिवे नव्हते, हेही लक्षात ठेवायला हवं.

दुसरा प्रश्न जरा जड आहे. दुसऱ्या दिवशी आमच्या खानदानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक संदेश फिरला: आकाश लाल झालं, कयामतची निशाणी आहे, दहा जणांना पाठवा. खाली फोटो होता तो आमच्याच मुलाचा! त्याने मामेभावाला पाठवला, तिथून तो फिरत फिरत, आणखी गडद होऊन, अम्मींच्या फोनवर परत आला. गावात एका चुलतीने तो बघून रात्रभर झोप घेतली नाही.

कयामतची वेळ फक्त अल्लाहला ठाऊक आहे, यावर आपला ईमान आहे. ती वेळ व्हॉट्सअॅपवरून कुणी जाहीर करू नये. हुजूर (स.) यांचे चिमुकले साहेबजादे इब्राहीम यांचा इंतकाल झाला त्या दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक म्हणू लागले, या दुःखामुळेच सूर्य झाकोळला. पैगंबरांनी स्वतःच्या शोकाच्या घडीलाही हे खपवून घेतलं नाही. सूर्य-चंद्र अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या जगण्या-मरण्याने त्यांना ग्रहण लागत नाही, असं सांगितलं आणि नमाजला उभे राहिले. यापेक्षा स्पष्ट शिकवण कोणती हवी? आकाशात अद्भुत दिसलं तर मान झुकवा, दुआ करा. पण त्यात आपल्या मनातलं भय घालून दुसऱ्याला पाठवू नका.

भय वाटणं मात्र गुन्हा नाही. हजार वर्षांपूर्वी बगदादच्या खलिफाने व्होल्गा नदीकाठच्या बुल्गार राजाकडे एक शिष्टमंडळ पाठवलं होतं. त्यात इब्ने फजलान होते. इसवी सन ९२२ मध्ये तिथे पोचल्यावर पहिल्याच रात्री त्यांना आकाश तांबडं झालेलं दिसलं. लाल ढगांत घोडे, माणसं, भाले-तलवारी झुंजत आहेत असं वाटलं. ते आणि त्यांचे सोबती घाबरून दुआ मागू लागले, आणि तिथले लोक त्यांना हसले, कारण त्यांना ते रोजचं होतं. त्यांनी जे बघितलं तो हाच प्रकाश असावा असं अभ्यासक मानतात. त्याच प्रवासवर्णनात आणखी एक गंमत आहे. इशाच्या अजानची वाट बघत ते तंबूत गप्पा मारत बसले आणि बाहेर आले तर फजर होत आलेली! उन्हाळ्यात इथे राहणाऱ्या कुठल्याही मुसलमानाला हे वाचून हसू येईल.

अरबीत या प्रकाशाला 'ध्रुवाकडची शफक' असं नाव आहे. त्यावरून मुलाने इमामसाहेबांना विचारलं, शफक संपल्यावर इशा, मग त्या रात्री शफक संपलीच नाही तर? ते हसून म्हणाले, नमाजची शफक मावळलेल्या सूर्याची. ही बघायची, मोजायची नाही.

आता अम्मींची गोष्ट पुरी करतो. तो कयामतचा संदेश आल्यावर त्यांनी स्वतः चुलतीला फोन लावला. आम्ही शेजारीच होतो. पलीकडून विचारणा झाली, "तू बघितलंस? आकाश रक्तासारखं लाल झालं होतं?"

अम्मी म्हणाल्या, "घराजवळून बघितलं तेव्हा पांढरं दिसलं, ढगासारखं. मग अंधारात गेलो तेव्हा कोकमाच्या पाण्यासारखं दिसलं. रक्तासारखं लाल मी बघितलं नाही. ते पोराच्या फोनात बघितलं. झोप आता."

फोन ठेवल्यावर त्यांनी आम्हाला लहानपणची गोष्ट सांगितली. ईदच्या आदल्या संध्याकाळी सगळी मुलं बंदरावर चाँद बघायला जमायची. कुणीतरी एक ओरडला की सगळे ओरडायचे. त्या धावत घरी आल्या की त्यांचे वालिद विचारायचे: "तुझ्या डोळ्यांनी बघितलास, की बाकीचे ओरडले म्हणून?" एकदा त्या खोटं बोलल्या. त्यांनी तोंडावरून ओळखलं, पण रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, तुझ्या गवाहीवर उद्या कुणी रोजा सोडला असता. "तेव्हापासून," अम्मी म्हणाल्या, "दिसलं तेवढंच सांगते."

आम्ही मुलाला रागावलो नाही. त्याने फोटो बनवलेला नव्हता, कॅमेऱ्याने दिला तसाच पाठवला होता. पण आता तो फोटोखाली एक ओळ लिहितो: किती सेकंदांचा आहे आणि डोळ्यांना काय दिसलं. ही सवय सगळ्यांनीच लावून घ्यावी, असं आम्हाला वाटतं.

सूर्याचा अकरा वर्षांचा चढ-उतार असतो आणि २०२४ मध्ये तो चढावर होता. आणखी संधी येऊ शकते. ब्रिटनमध्ये, कॅनडात, युरोपात राहणाऱ्या आपल्या वाचकांसाठी, आम्ही चुकत चुकत शिकलो ते असं. सूचना देणारी एखादी सोय फोनवर घेऊन ठेवा. इशारा आला की दिव्यांपासून दूर जा आणि आधी उत्तरेला बघा, मोठं वादळ असेल तर डोक्यावरही. वीस मिनिटं पडद्याकडे बघू नका. मग फोनचा नाइट मोड लावा, फ्लॅश बंद करा, तीन ते दहा सेकंदांची वेळ ठेवा. फोन हातात धरू नका. स्टँड नसेल तर भिंतीवर, गाडीच्या टपावर टेकवा आणि दोन-तीन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बोटाच्या धक्क्याने चित्र हलणार नाही. खिडकीच्या काचेतून काढू नका, खोलीतला दिवा काचेत उमटतो. पडदे वेगाने हलत असतील तर वेळ कमी करा, नाहीतर सगळं पुसट होतं. मोठा कॅमेरा असेल तर फोकस ताऱ्यावर हाताने लावा.

आणि घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला बरोबर न्या. "दिसतंय का?" असं विचारू नका. "काय दिसतंय?" असं विचारा. या दोन प्रश्नांतला फरक आम्हाला त्या अंगणात कळला.

अम्मींना फोटो काढून घेणं आवडत नाही. त्या रात्रीचा त्यांचा एकच फोटो आहे, पाठमोरा. जाड जॅकेट, शाल, मान वर, बाजूला नात त्यांचं बोट धरून. नोव्हेंबरात त्या गावी परत जातील आणि गेल्यावर डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायला त्या आता राजी झाल्या आहेत. आम्ही दोन वर्षं मागे लागलो होतो तेव्हा ऐकत नव्हत्या. त्या अंगणातल्या भीतीने राजी झाल्या की कोकमाच्या रंगाने, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. त्यांच्या डोळ्यांसाठी दुआ करा.